चौदावं चित्र

"ही आई आहे," भाची म्हणाली, आणि तिचं जॅमने माखलेलं बोट कागदाला टेकायच्या आत धाकटीने तिचं मनगट वरच्या वर पकडलं. कागद वाचला. दुपारचे तीन वाजले होते. शाळेत शिक्षकांचं कसलंसं शिबिर होतं म्हणून मुलांना अर्ध्या दिवसातच घरी पिटाळलं होतं, आणि तिची आई, म्हणजे थोरली, औषधांच्या दुकानातून सहाला सुटणार म्हणून आठ वर्षांची ही ब्याद (मावशी लाडाने असंच म्हणायची) मावशीच्या खोलीवर येऊन पडली होती. खिडकीपासून कपाटापर्यंत बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी तेरा चित्रं टांगली होती, आणि भाची हात मागे बांधून, मोठ्या माणसांसारखी मान तिरकी करत, एकेका चित्रापुढून सरकत होती. सहाव्यापाशी थांबली ती थांबलीच. "आईच आहे. नाकावर तो उंचवटा आहे ना, तो. आणि कान बाहेर आलेत." धाकटी म्हणाली, "वेडीच आहेस. जगात नाकं सगळी मिळून चार-पाच तऱ्हांची. चित्रकाराने नवीन कुठून आणायची?" भाची हसली नाही. ती एक पाऊल मागे सरकली, पुन्हा नीट पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "आणि गाढवाची दोरी धरलेली ही तू. तुझी वेणी आहे." मग ती हात धुवायला गेली आणि धाकटी त्या दोन मुलींसमोर उभी राहिली.

सहाव्या चित्रातली ती मुलगी म्हणजे गोष्टीतली फितूर. गोष्ट फादरांची. पंच्याहत्तरी उलटलेले, एकाच कानाने ऐकणारे फादर चर्चच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांमध्ये घालवून निवृत्त झाले आणि मग त्यांना हे पुस्तक सुचलं, ज्याची चित्रं धाकटी काढत होती. मिठाचा एक देश. जमीन पांढरी, पाणी खारं, राजाही मिठासारखाच कोरडा. त्या देशातून पलीकडच्या गोड्या पाण्याकडे निघालेली सात मुलं, आणि त्यांना वाट दाखवणारं एक राखी गाढव. संपादकबाई गाढवावरून हटून बसल्या होत्या. निदान पांढरा घोडा करा, म्हणाल्या. फादर म्हणाले, "घोड्यावरून कुणीही येतं हो बाई. गाढव येतं ते ओझं उचलायला." सातांतल्या एका मुलीच्या मनात सलतं की गाढव दुसऱ्याच एकीला जास्त वेळ पाठीवर बसवतं. तेवढ्या रागावर ती राजाच्या शिपायांना वाट सांगून टाकते. त्या देशाचा कायदा असा, की खाल्ल्या मिठाला जो जागला नाही त्याचं मीठच व्हायचं. सोबत्यांना दगा दिला म्हणून शिपाई तिलाच खांबाला बांधायला येतात, तेव्हा गाढव पुढे होऊन तिच्या जागी उभं राहतं. कायद्याला मिठाचा पुतळा हवा असतो, कुणाचा ते त्यात लिहिलेलं नसतं. खुरांपासून कानांपर्यंत गाढवाचं मीठ होतं. तिसऱ्या सकाळी मात्र खांबापाशी काहीच नसतं. गाढव परत येतं, सहा मुलांना ओलांडून त्या फितूर मुलीकडे जातं आणि तिच्या मांडीवर तोंड ठेवतं. बस्स, गोष्ट संपली. संपादकबाईंना त्याखाली चौकटीत बोध हवा होता. फादर म्हणाले, बोध चौकटीत घातला की मुलं चौकट तेवढी सोडून वाचतात. तिथे चित्र असू दे, त्या मुलीच्या चेहऱ्याचं. ते चौदावं चित्र आज संध्याकाळी सातपर्यंत छापखान्यात जायचं होतं, आणि टेबलावर त्याच्या जागी कोरा कागद होता.

ते नाक मी मुद्दाम काढलेलं नाही, असं धाकटीने स्वतःला गेले चार महिने सांगितलं होतं, आणि आज आठ वर्षांच्या पोरीने ते एका बोटाने निकालात काढलं. फितूर म्हटल्यावर हाताने आपण होऊन थोरलीचं नाक काढलं, आणि गाढवाला पाणी पाजणारी, त्याच्या पायातले काटे काढणारी, कधीही कुठेही न गेलेली मुलगी म्हटल्यावर त्याच हाताने स्वतःची वेणी काढली. इतकं साधं होतं ते. घरात गोष्ट अशीच ठरलेली होती. थोरली गेली, धाकटी राहिली. थोरलीने चर्चबाहेरच्या माणसाशी लग्न केलं तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले होते, "या टेबलावर आता तीनच ताटं." आई असेपर्यंत तीन, मग दोन. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि शेवटच्या चार वर्षांत त्यांची बोटं सुई धरेनाशी झाली तेव्हा त्यांचं हगणंमुतणं काढणारी, दुधात पाव कुस्करून चमच्याने भरवणारी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणारी धाकटी होती. आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी डोळे उघडले की एकच विचारायचे. थोरली आली का? धाकटी त्यांचं तोंड पुसत असायची आणि ते तिच्या खांद्यावरून दाराकडे बघायचे. तिला राग आला. नुसता राग नव्हे, चांगला जळफळाट झाला, आणि चार वर्षांच्या थकव्यात तो लाकडाला आग लागावी तसा पेटला.

त्या बुधवारी सकाळी अकराला थोरलीचा फोन आला, सहा वर्षांनी. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. "बाबा कसे आहेत गं? येऊ का मी?" धाकटी स्वयंपाकघरात उभी होती, हातात चमचा होता, आणि ती म्हणाली, "येऊ नकोस. ते तुझं नावही ऐकायला तयार नाहीत." तिकडून थोरली "बरं" म्हणाली. एवढंच, बरं. धाकटी दहा पावलं चालून आतल्या खोलीत आली आणि बाबांना म्हणाली, "ताईचा फोन होता. यायला जमणार नाही म्हणाली." दोन खोटी, एकाच घरात, मधे दहा पावलं. रविवारी बाबा गेले. मातीला थोरली आली ती दफनभूमीच्या फाटकापाशीच उभी राहिली, आणि सगळ्या नातेवाइकांनी माना वळवून घेतल्या. त्या दोघींची एक मावशी तर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, जिवंतपणी आली नाही, आता काय मेल्यावर तोंड दाखवायला? धाकटीने ते ऐकलं आणि मूग गिळून उभी राहिली. याला नऊ वर्षं झाली. मागल्या वर्षी थोरली नवऱ्याची बदली होऊन याच गावात राहायला आली. दोघी आता एकमेकींकडे जातात, चहा पितात, भाचीच्या दातांविषयी बोलतात. एकदाच, भांडी विसळताना, थोरलीने तिच्याकडे न बघता विचारलं होतं, "शेवटी काही बोलले का गं माझ्याविषयी?" आणि धाकटी म्हणाली होती, "शुद्धच नव्हती त्यांना." ते तिसरं.

फोन वाजला तेव्हा ती दचकली. संपादकबाई होत्या. छापखान्यातला माणूस सातला प्लेट लावणार, चित्र झालं ना? "झालंय," धाकटी म्हणाली, "वाळतंय फक्त." कोऱ्या कागदाकडे बघत म्हणाली. फोन ठेवून वळली तर भाची ओले हात फ्रॉकला पुसत दारात उभी होती आणि तिचं तोंड नीट न्याहाळत होती, जसं मघाशी चित्र न्याहाळलं होतं. "मावशी, मी चुकले," ती म्हणाली. "नाक आईचं आहे, पण तोंड तुझं आहे." "म्हणजे?" "आता फोनवर केलंस तसं. असं." आणि तिने आपल्या ओठाचा डावा कोपरा आत ओढून घेतला, किंचित, गालाला एक बारीक खळगा पडेल इतकाच. "आई नाही असं करत. तू करतेस. खरं नसलं की." मग अगदी सहज म्हणाली, "अजून एक बिस्किट घेऊ?"

टेबलाच्या कडेला चिमट्याने आरसा लावलेला होता. चित्र काढणाऱ्या बहुतेकांकडे असतो. भीती काढायची असली की आरशात घाबरायचं, हसू काढायचं असलं की हसायचं, आणि जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. दिवसभर एकटं बसून तोंडं वेडीवाकडी करायची, हा धंदाच आहे. पण त्यात एक गोम असते. नाक, कान, वेणी तुम्ही आठवणीतून आणता, दुसऱ्या कुणाचीही आणता. भाव मात्र तुमच्याच स्नायूंचे असतात. चार महिन्यांपूर्वी शिपायांना वाट सांगणाऱ्या मुलीचं तोंड काढताना ती या आरशापुढे बसली होती आणि मनात काहीतरी खोटं बोलली होती. काय बोलली होती तेही आता तिला आठवलं. येऊ नकोस. तेच दोन शब्द, आवाज न काढता, पुन्हा. दोरीवरच्या चित्रांतून ती मुलगी तिच्याकडे बघत होती, थोरलीचं नाक मधे घालून. चोरी करायची, आणि वर चोराच्या जागी बहिणीला उभं करायचं. मिठाच्या देशातल्या शिपायांनाही हे सुचलं नसतं.

चौदावं चित्र तिने तीनदा काढलं होतं, तीनदा फादरांनी परत पाठवलं होतं. तिन्ही वेळा तिने त्या मुलीची पाठ काढली होती. मांडीवर गाढवाचं तोंड, मुलीचे खांदे, केस. चांगली चित्रं होती ती. गेल्या आठवड्यात फादर स्वतः दोन जिने चढून आले, खुर्चीत बसून आधी श्वास गोळा केला आणि मग चांगला कान तिच्याकडे करून म्हणाले, "पाठ फार सुंदर काढतेस तू. पण मुलं पाठीकडे बघून काय करतील?" ती म्हणाली होती, "फादर, ती माफी मागते तेव्हाचा चेहरा काढता येईल. तो मला जमेल." "ती माफी मागतच नाही," फादर म्हणाले. "तिला वेळच मिळत नाही. ती तोंड उघडायच्या आत ते गाढव आलेलं असतं. त्या क्षणाचा चेहरा हवाय मला." "मला नाही माहीत तो कसा असतो." फादरांनी मान हलवली. "मलाही नाही. इतकी वर्षं त्याच्यावर प्रवचनं देतोय, पण आरशात काही दिसलेला नाही." आणि हसले. त्या वेळी ती सगळं सांगून टाकणार होती. जिभेवर आलं होतं. पण सांगून काय झालं असतं? एकदा सांगून झालं होतं. बाबा गेल्यावर वर्षभराने, दुसऱ्या गावातल्या चर्चमध्ये, पापाची कबुली ऐकणाऱ्या, जाळीपलीकडच्या अनोळखी फादरांना तिने सांगितलं होतं, मी वडिलांशी खोटं बोलले. त्यांनी चार प्रार्थना म्हणायला सांगितल्या, तिने आठ म्हटल्या आणि बाहेर आली ती तशीच. देवाने क्षमा केलीही असेल, त्याचा तो व्यवसायच आहे. पण येऊ नकोस हे ती देवाला म्हणाली नव्हती.

चार वाजले, साडेचार झाले. भाची जमिनीवर पालथी पडून तिला दिलेल्या रद्दी कागदांवर गाढवं काढत होती, सगळी हसणारी. "आई आली की मी तिला दाखवणार," ती म्हणाली, "तिचं नाक पुस्तकात येणार म्हणून." धाकटीने सहावं चित्र चिमट्यातून काढून टेबलावर घेतलं. पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. नाक बदलायला पाच मिनिटं लागतात. उंचवट्यावर पांढरा द्यायचा, वाळू द्यायचा, वरून बसकं नाक काढायचं. बाकीच्या सात चित्रांत मुलगी लहान आहे, तिथे एकेक ठिपका पुरेल. मग उरेल तोंड, आणि तोंडावरून कुणी कुणाला धरत नाही, पोरीचं काय, बिस्किट मिळालं की विसरेल. तिने कुंचला बुडवला. नाक पुसलं की सगळं पूर्वीसारखं राहणार होतं. चहा, भाचीचे दात, भांडी विसळताना मधेच पडणारी शांतता. आणि पुसलं नाही तर? थोरलीला सांगितलं, की त्या दिवशी तू आली असतीस तर बाबा भेटले असते, तुझ्यासाठी दाराकडे डोळे लावून होते, तर थोरली उठेल, पोरीचा हात धरेल आणि पुन्हा कधीही हे दोन जिने चढणार नाही. धाकटीला दुसरं कुणी नव्हतं. या जमिनीवर पालथ्या पडलेल्या, पायाने पायाला खाजवणाऱ्या ब्यादीशिवाय कुणीही नव्हतं. कुंचल्यावरचा पांढरा थेंब लांबत गेला आणि टेबलावर पडला. तिने कुंचला पाण्यात टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला.

थोरली सहाला सुटून तडक आली. दारातूनच बोलत आली, आज दुकानात काय गर्दी, सगळं गाव एकदम खोकतंय जणू. खांद्यावर पिशवी, हातात किल्ल्या, अंगाला औषधांचा वास. चपला काढायच्या आत भाचीने तिला ओढत टेबलापाशी नेलं. "बघ! तुझं नाक!" धाकटी खिडकीला पाठ लावून उभी राहिली. तिला वाटलं, आता हिच्या चेहऱ्यावर राग यावा. राग आला तर बरं होईल, भांडता तरी येईल. थोरलीने चष्मा डोक्यावर सरकवला, वाकून पाहिलं आणि चक्क हसली. "अगं, खरंच की! हा उंचवटा बाबांचा. तुला नाही मिळाला, सुटलीस." मग तिने चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेली गोष्टीची ओळ वाचली असावी, कारण हसू राहिलं पण आवाज उतरला. "ही ती दगा देणारी ना? शोभतंय मला. घर सोडून गेले ते मीच." आणि चष्मा खाली घेत लेकीला म्हणाली, "चल गं, मोजे घाल. कुठे टाकलेस?" भाची मोजे शोधायला आतल्या खोलीत गेली. थोरलीने चित्र हलकेच, कोपऱ्यांना धरून, जागच्या जागी ठेवलं. त्या ठेवण्याने धाकटीचा धीर सुटला. थोरलीने शिव्या दिल्या असत्या, चित्र फाडलं असतं, तर धाकटी गप्प राहू शकली असती.

"ताई, बाबांनी तुला बोलावलं होतं."

थोरली किल्ल्या पिशवीत टाकत होती. "कधी?"

"शेवटच्या आठवड्यात. रोज विचारायचे, थोरली आली का. आणि तू फोन केलास तेव्हा मी तुला म्हटलं, येऊ नकोस. ते मी म्हटलं. त्यांनी नाही. त्यांना मी सांगितलं की तुला जमणार नाही. शुद्ध होती त्यांना. शुक्रवारी रात्रीपर्यंत होती." एवढं बोलताना तिचा ओठ कुठे ओढला जातोय का याकडे तिचंच लक्ष होतं. नव्हता जात. "मी चार वर्षं केलं त्यांचं, आणि ते तुलाच विचारत होते. म्हणून. दुसरं काही कारण नाही."

थोरली औषधाच्या चिठ्ठीकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली, अक्षर लागत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचावं तशी. आतल्या खोलीत भाची काहीतरी गुणगुणत खाटेखाली शिरल्याचा आवाज आला. मग थोरली अगदी कोरड्या आवाजात, दुकानातल्या आवाजात म्हणाली, "कुठला वार होता?" "बुधवार." "मी फोन केला अकराला. त्यांना कधी सांगितलंस?" "लगेच." "मग ते काय म्हणाले?"

हे धाकटीला अपेक्षित नव्हतं. शिव्या अपेक्षित होत्या, रडणं अपेक्षित होतं. हे तिने नऊ वर्षांत कुणालाही, त्या जाळीपलीकडच्या फादरांनाही, सांगितलं नव्हतं. कारण बाकी सगळं तिचं पाप होतं, आणि हे तिचं नव्हतंच. हे दुसऱ्याचं होतं आणि ती त्याच्यावर बसून राहिली होती. अजूनही म्हणता आलं असतं, काही नाही, मान वळवून झोपले. थोरलीने तेही खरं मानलं असतं. टेबलावरचा फोन वाजायला लागला, छापखाना असेल, वाजून वाजून बंद झाला.

"म्हणाले, 'बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.' मग जरा वेळाने म्हणाले, 'तिला सांग, मी रागावलेलो नाही. नव्हतोच. लाज वाटत होती म्हणून फोन केला नाही. आणि म्हणावं, थंडीत कान झाकत जा, तिचे कान लगेच दुखतात.'"

थोरलीचा हात कानाकडे गेला आणि वाटेतच थांबला. ती खुर्चीत बसली, पिशवी खांद्यावर तशीच. धाकटीकडे ती बघत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला नाव नव्हतं. त्यात धाकटीसाठी काही नव्हतं, माफी तर नाहीच. धाकटी त्या खोलीत आहे हेही तिच्या लक्षात नव्हतं. कुणीतरी आत्ताच, या क्षणी, सहा जणांना ओलांडून तिच्यापर्यंत आलं होतं. चित्रकाराने असा चेहरा दिसला की पेन्सिल उचलायची असते. धाकटीने उचलली नाही.

"परत सांग," थोरली म्हणाली.

धाकटीने सांगितलं.

"तसं नाही. ते म्हणाले तसं. त्यांच्यासारखं."

भाची एकाच पायात मोजा घालून दारात आली, दुसरा हातात. आईकडे बघून ती जागच्या जागी थांबली. "आई? जायचं ना आपण?"

"थांब जरा," थोरली म्हणाली. "तुझ्या आजोबांचा निरोप आलाय." आणि दाराकडे न बघता, धाकटीला म्हणाली, "हं. पहिल्यापासून."